चोर्ल्याचा चढ

बेळगावहून गोव्यास उतरणाऱ्या वाटा अनेक आहेत. आंबोलीची आहे, अनमोडची आहे, तिलारीकडून जाणारी आहे. परंतु जांबोटी-कणकुंबीवरून जाणारी चोर्ल्याची वाट ज्याने एकदा पाहिली, त्याचे मन सहसा दुसरीकडे वळत नाही. पिरनवाडी मागे पडली की शहराचा गलबला ओसरतो. किणये, जांबोटी ही गावे लागतात. शेते आखूड होत जातात आणि झाडी दाटू लागते. कणकुंबीस मलप्रभेचा उगम आहे. तेथून निघालेले पाणी पूर्वेस वाहत जाऊन कूडलसंगमास कृष्णेला मिळते. याच खानापूर तालुक्याच्या रानात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेची वाट धरते आणि पुढे मांडवी हे नाव घेऊन पणजीपाशी समुद्रास जाते. एकाच घरच्या दोन लेकी. एकीचे सासर पूर्वेस, दुसरीचे पश्चिमेस.

चोर्ला गाव ओलांडले की घाटमाथा येतो. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर. तेथून रस्ता वळणामागून वळण घेत सत्तरीतील केरी गावाकडे उतरतो. मध्येच झाडीची फट सापडली तर खाली अंजुण्याच्या धरणाचे पाणी चकाकताना दिसते. पावसाळ्यात धुके इतके उतरते की पुढच्या गाडीचा तांबडा दिवा तेवढा दिसावा.

हे वर्णन उतरणाऱ्याचे झाले. चढणाऱ्याचे निराळे असते, आणि पाठीशी ओझे घेऊन चढणाऱ्याचे तर त्याहून निराळे. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्हांस हे तिसरे वर्णन शिकावे लागले. ते थोडे सविस्तर सांगण्याचा विचार आहे. कारण वाचकांपैकी अनेकांच्या घरी किंवा संस्थेत जुनी गाडी असेल, आणि तिच्या मागे काहीतरी जोडून ओढण्याचा प्रसंग आज ना उद्या त्यांच्यावरही येईल.

खानापूर तालुक्यात वृद्धांसाठी एक लहानसे निवासस्थान नुकते सुरू झाले होते. घर उभे राहिले होते, सतरा वृद्ध माणसे राहावयास आलीही होती; पण खाटांची सोय झालेली नसल्याने ती जमिनीवर चटया टाकून निजत. उन्हाळ्यात ते निभून जाते. मृगाचा पाऊस सुरू झाला म्हणजे त्या भागातील फरशीला ओल येते, आणि सत्तरी ओलांडलेल्या सांध्यांना ती ओल काय करते हे सांगावयास नको. अशात बार्देशातील एक बंद पडलेले विद्यार्थी-वसतिगृह आपल्या चाळीस लोखंडी खाटा आणि चार कपाटे देण्यास सिद्ध झाले. अट एकच, पावसाआधी न्यावे.

आमच्या धर्मग्रामाकडे एक जुनी व्हॅन आहे. जीपच्या घराण्यातील, मागच्या चाकांवर चालणारी, डिझेलची, चार गिअरांची. तीन वर्षांपूर्वी ती दुसऱ्या हाताने घेतली, तेव्हा तिचा आधीचा मालक म्हणाला होता, "फादर, ही हमरस्त्यावर पाखरासारखी जाते." ते खरे होते. पुण्याच्या रस्त्यावर ऐंशीच्या गतीने जाताना तिचे इंजिन कुरकुर करीत नसे. तिच्या मागे आम्ही एक दोन चाकी ट्रेलर जोडला. त्याचे कागदपत्र केले, हूक मजबूत बसविला, साखळी लावली आणि निघालो. आपल्या गाडीस ओढता येते की नाही, हा प्रश्न आम्ही तिला विचारला नव्हता, स्वतःलाही नव्हता.

वसतिगृहात चोवीस खाटा चढविल्या. एकेक खाट सुमारे पंचवीस किलोची. ट्रेलरचे स्वतःचे वजन तीनशे. म्हणजे नऊशे किलोचे शेपूट. डिचोली, साखळी, केरीपर्यंत सारे ठीक चालले. दुपारचे चार वाजले होते. घाट सुरू झाला आणि चौथा गिअर गेला, तिसरा गेला, दुसराही टिकेना. पहिल्या गिअरवर, माणूस धावला तर पुढे जाईल अशा गतीने आम्ही वर सरकू लागलो. इंजिनाच्या तापमानाचा काटा हळूहळू उजवीकडे चालला. दोन वेळा थांबून त्यास निवू दिले.

घाटमाथा दोन-तीन वळणांवर राहिला असताना समोरून बस उतरत आली. तिला वाट देण्यासाठी ऐन वळणात थांबावे लागले. बस गेली, आमची गाडी मात्र पुन्हा हलेना. चालकाने क्लच सोडला की गाडी थरथरे, पाऊलभर सरके आणि बंद पडे. तिसऱ्या प्रयत्नाला जळक्या वासाचा धूर निघाला. क्लच गेला. मी खाली उतरून चाकांमागे दगड लावीत होतो आणि मनात एकच विचार होता: ही साखळी तुटली, तर चोवीस खाटांसह हा ट्रेलर खाली कोणाच्या अंगावर जाईल?

मोटारसायकलवरून जाणाऱ्या एका तरुणाने वर गावात निरोप दिला. अंधार पडता पडता एक शेतकरी आपला ट्रॅक्टर घेऊन उतरला. लहानसाच ट्रॅक्टर, पस्तीस अश्वशक्तीचा. आमच्या व्हॅनच्या इंजिनाची शक्ती साठाच्या वर. त्याने गाडीकडे पाहिले, खाटांकडे पाहिले, आणि एक अक्षर न बोलता आपली साखळी काढली. आधी ट्रेलर नेला, मग परत येऊन व्हॅन नेली. ट्रॅक्टरच्या इंजिनाचा सूर इतका शांत होता की जणू रिकामाच चालला आहे. त्याला घाई नव्हती, एवढेच. माणसाच्या चालीने तो निघाला होता आणि त्याच चालीने माथ्यावर पोहोचला.

पैसे देऊ केले, तर त्याने घेतले नाहीत. "तुमास्नी बेळगावपतूर वढून न्यायला साकळी लागंल. ही र्‍हाऊ द्या. परत आलासा की द्या," एवढे बोलून तो गेला. त्या रात्री बेळगावच्या एका टेम्पोने आम्हांस त्याच साखळीने ओढून आणले. वाटभर मला एकच कोडे पडले होते. साठ अश्वांना जे जमले नाही, ते पस्तिसांना कसे जमले?

पहिल्या गॅरेजात सांगण्यात आले की इंजिन थकले आहे, पूर्ण उघडून नवे करावे लागेल. जी रक्कम सांगितली, तीत निवासस्थानाचे वर्षाचे धान्य आले असते. मन मानेना. मग एकाने उद्यमबागेजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींचे नाव सुचविले. बेळगाव हे ओतकामाचे आणि यंत्रांच्या सुट्या भागांचे गाव. येथे लोखंडाची नाडी जाणणारी माणसे अजून सापडतात. मिस्त्रींनी इंजिन चालू करून कान दिला, धूर पाहिला, आणि इंजिनाला हातही न लावता ते गाडीच्या मागच्या बाजूस गेले.

त्यांनी जे केले ते वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण ते कोणासही करता येते. गाडी सपाट जागी ठेवून, पुढच्या चाकांस आडण लावून, मागची दोन्ही चाके जॅकवर उचलून खाली भक्कम ठोकळे दिले. गिअर मोकळा केला. एका चाकावर खडूने रेघ ओढली आणि गाडीच्या पोटाखालून इंजिनाकडून मागे येणाऱ्या लांब दांड्यावर, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टवर, दुसरी रेघ ओढली. मग दोन्ही चाके एकत्र बरोबर एक फेरा फिरविली आणि दांड्याचे फेरे मला मोजावयास लावले. पावणेचारास थोडे कमी.

"बघा, फादर," मिस्त्री म्हणाले, "इंजिनाला दोष देऊ नका. इंजिन चांगलं हाय. ह्या गाडीला मुळात हितं जवळजवळ पाच फेरे होते. कुणीतरी बदलून तिला पळायला लावलंय. वढायचं तिच्या नशिबातनं काढून टाकलंय."

मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्यात एक मोठे दात्यांचे चक्र असते, त्यास क्राऊन म्हणतात. आणि त्यास फिरविणारे एक लहान दंतचक्र असते, ते पिनियन. पिनियन इंजिनाकडून फिरते, क्राऊन चाकांना फिरवितो. क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते, हे त्या जोडीचे प्रमाण. आमच्या गाडीत ४१ आणि ११ दाते होते, म्हणजे प्रमाण ३.७३. इंजिनाचे पावणेचार फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. हेच प्रमाण ४.८८ असेल तर त्याच एका फेऱ्यासाठी इंजिनास जवळजवळ पाच वेळा फिरावे लागते. गाडी हळू जाते, पण तिची ओढ त्याच हिशेबाने वाढते. मुलांच्या गिअरच्या सायकलीवर चढाला पाय अधिक वेळा मारावे लागतात, पण एकेक पाय हलका जातो, तसेच हे. ट्रॅक्टरचे रहस्यही हेच. त्याची सारी दंतचक्रे ओढीसाठी योजलेली असतात. पळण्याची अपेक्षा त्याच्याकडून कोणीच करीत नाही.

जीपच्या इतिहासात याचे एक मोठे बोलके उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी जी विलीज जीप बनली, तिच्या ॲक्सलचे प्रमाण ४.८८ होते, पिनियनला ८ दाते, क्राऊनला ३९. युद्ध संपले आणि १९४५ साली तीच जीप नागरी रूपात शेतकऱ्यांपुढे ठेवण्यात आली. आता तिला नांगर व गाड्या ओढावयाच्या होत्या. तेव्हा इंजिन मुळात तेच साठ अश्वशक्तीचे ठेवून कारखान्याने प्रमाण ५.३८ केले, ८ दात्यांस ४३. काम बदलले, म्हणून दाते बदलले.

घाटाचे गणित माणसाने नेहमी दोनच रीतींनी सोडविले आहे: जोर वाढवा, नाही तर गती कमी करा. गाडीवान घाटाखाली बैलांची जादा जोडी जुंपीत. याच डोंगररांगेत कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणारा लोहमार्ग १८८८ साली खुला झाला. त्या ब्रागांझा घाटाचा चढ सदतीस फुटांस एक फूट. आगगाडीच्या दृष्टीने तो फार कडक, आणि तेथे गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागत आली आहेत. आमच्यापाशी जादा जोडी नव्हती. तेव्हा दुसरीच रीत उरली.

मिस्त्रींनी गॅरेजच्या फरशीवर खडूने हिशेब मांडला. माणसांसह व्हॅन सतराशे किलो, ट्रेलर नऊशे, एकूण सव्वीसशे. बारास एक असा चढ धरला तर नुसते वर उचलण्यास सुमारे २१७ किलोचा जोर हवा, चाकांच्या घसटीचे आणखी ४० धरा, म्हणजे २५७. आमचे इंजिन ३.७३ च्या प्रमाणावर दुसऱ्या गिअरात चाकांशी देई सुमारे २५०. सात किलोंनी गाडी नापास! म्हणून ती पहिल्या गिअरावर पडे, तेथे रेंगाळे आणि तापे. जेथे चढ बारास एकाहून कडक, आणि वर थांबून पुन्हा निघावयाचे, तेथे क्लचच्या माथी सारे येई. प्रमाण ४.८८ केले की तोच जोर होतो ३२७. इंजिन तेच, तेल तेवढेच. ओढ एकतीस टक्के अधिक.

"मग ५.३८ च का करू नये?" मी विचारले. लोभ कोणाला सुटला आहे?

मिस्त्री हसले. ताशी साठ किलोमीटरच्या गतीला आमच्या टायरच्या मापाने ३.७३ वर इंजिन मिनिटास सुमारे १७०० फेरे घेई. ४.८८ वर ते घेईल २२००, आणि ५.३८ वर २४५० च्या घरात. रिकाम्या सपाट रस्त्यावरही ते फेरे आणि ते डिझेल द्यावेच लागते. शिवाय प्रमाण वाढविताना पिनियन लहान होत जाते, आणि लहान पिनियन तितके दणकट राहत नाही. जेवढी गरज, तेवढेच प्रमाण घ्यावे. गाडीचे मूळचे होते तेच करावे, हे ठरले.

ठरले खरे, पण धर्मग्रामाच्या समितीत त्यावर तास गेला. तरुण मंडळींचे म्हणणे चुकीचे नव्हते. ही गाडी रुग्णांना हुबळीस नेते, मुलांना शिबिरांना नेते. तिची गती घालवून काय मिळवावयाचे? त्यापेक्षा सोळा खाटांसाठी एक टेम्पो भाड्याने करावा. मी गेल्या वर्षभराची गाडीची वही काढून वाचली. लांबच्या हमरस्त्यावरच्या खेपा निघाल्या नऊ. तांदळाची पोती, पाण्याच्या टाक्या, मांडवाचे सामान, खाटा, जनरेटर, यांच्या खेपा चौसष्ट. त्यांतील बहुतेक खानापूर-जांबोटीच्या चढउताराच्या वाटांवर. गाडी कशासाठी आहे हे आम्ही तोंडाने काहीही म्हणत असू, वही वेगळेच सांगत होती. वही वाचून झाल्यावर फार वाद राहिला नाही.

काम चार दिवस चालले. मला वाटले होते, दोन चक्रे काढून दोन घालावयाची. पण क्राऊन ज्या पिंजऱ्यावर बसतो तो पिंजराही आमच्या जातीच्या ॲक्सलमध्ये या दोन प्रमाणांसाठी वेगवेगळा असतो. नुसती जोडी आणून भागत नाही. भंगारातील त्याच घराण्याच्या एका गाडीतून पिंजरा मिळाला, क्राऊन-पिनियनची जोडी नवी घेतली. ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासूनच तयार होते आणि दोहोंवर एकच खूण कोरलेली असते. एकीचा क्राऊन आणि दुसरीचे पिनियन असा संसार कधी लावू नये. तो आयुष्यभर ओरडतो.

आठ आणि एकोणचाळीस हे आकडेही उगाच नाहीत. दोहोंना सामाईक भाग जात नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या प्रत्येक दात्यास भेटल्यावाचून जुनी जोडी पुन्हा जुळत नाही. झीज सर्वांत सारखी वाटली जाते. हा विचार ज्याने प्रथम केला, त्याचे कौतुक वाटते. तसेच कौतुक ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीचे. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर कापावे लागते. ते आतल्या चाकाहून जलद फिरू शकेल अशी चक्रांची योजना त्याने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी केली. तिचीच वंशज आज प्रत्येक मोटारीच्या पोटात आहे. घड्याळ करणाऱ्या हातांनी ती घडविली, हे मिस्त्रींचे काम पाहताना मला पुरेपूर पटले.

कारण खरे काम जोडण्याचे नव्हे, जुळविण्याचे. पिनियन किती खोल बसावे, हे त्यामागे कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या घालून ठरवावयाचे. दोन दात्यांमध्ये किंचित मोकळीक ठेवावयाची, तीही मिलिमीटरच्या सुमारे सहाव्या-सातव्या भागाइतकी. ती मोजण्यास घड्याळासारखे काट्याचे यंत्र लावतात. मोकळीक कमी पडली तर तापून दाते जातात, अधिक झाली तर दणके बसून मोडतात. मग दात्यांना रंग लावून चक्र फिरवावयाचे आणि रंग कोठे पुसला गेला ते पाहावयाचे. घास दात्याच्या मध्यावर उमटला पाहिजे. आमचा पहिल्या वेळी टोकाकडे उमटला. मिस्त्रींनी सारे उलगडले, एक चकती बदलली, पुन्हा बसविले. असे पाच वेळा. सहाव्या वेळी त्यांनी मला बोलावून दात्यांवरचे ठसे दाखविले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते पैशाने विकत मिळणारे नव्हते.

गाडी हाती देताना त्यांनी जे बजावले, ते येथे नमूद करतो. पहिले पाचशे किलोमीटर ट्रेलर जोडावयाचा नाही. आरंभी वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर थांबून गोळा निवू द्यावयाचा. पाचशे झाले की आतले तेल बदलावयाचे, कारण नव्या दात्यांचा बारीक कीस त्यात उतरतो. तेल या जातीच्या दात्यांसाठी सांगितलेलेच हवे, वाटेल ते नव्हे. गतीचा काटा आता खोटे बोलेल. तो गिअरपेटीकडून फिरतो आणि मागे काय बदलले हे त्यास ठाऊक नसते. खरी गती साठ असता तो अठ्ठ्याहत्तर दाखवील. त्याचे लहान चक्र बदलून घ्यावे. आणि गाडी चारही चाकांवर चालणारी असेल तर पुढच्या ॲक्सलचे प्रमाणही तेच करावे लागते, नाही तर दोन्ही एकमेकांशी भांडून मोडतात.

शेवटची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. दाते बदलल्याने ओढ वाढते. ब्रेक वाढत नाहीत, सांगाडा वाढत नाही, हूक वाढत नाही. उतारावर इंजिनाचा धर अधिक लागतो, हे खरे. पण म्हणून नऊशेचे बाराशे किलो करू नयेत. ट्रेलरमध्ये ओझे आसाच्या किंचित पुढे ठेवावे, म्हणजे एकूण वजनाचा दहावा-आठवा भाग हुकावर येतो. ओझे मागे गेले तर ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो आणि गाडीस रस्त्याबाहेर ओढतो. पहिल्या खेपेस आमच्या खाटा कशा रचल्या होत्या, ते मला आठवले आणि अंगावर काटा आला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही उरलेल्या सोळा खाटा आणि चार कपाटे आणावयास निघालो. पाचशे किलोमीटर पुरे करण्यासाठी चालकाने त्याआधी आठ दिवस खानापूर-बेळगाव अशा रिकाम्या खेपा घातल्या होत्या. वजन पुन्हा तेवढेच, नऊशे. केरी सोडता सोडता पाऊस लागला. रस्ता काळा कुळकुळीत झाला आणि अंजुण्याचे पाणी ढगाआड गेले. चालकाने दुसरा गिअर टाकला. मी काट्याकडे पाहत होतो. एक वळण गेले, दुसरे गेले. इंजिन भरल्या आवाजात, पण न अडखळता चालले होते, गती वीस-बावीसची. ज्या वळणावर क्लच जळला होता तेथे चालकाने मुद्दाम गाडी थांबविली. माझ्या काळजाचा ठोका चुकला. त्याने पहिला गिअर टाकला, क्लच हलके सोडला आणि गाडी निघाली. आम्ही दोघेही काही बोललो नाही. तापमानाचा काटा मध्यावरच होता.

आज हमरस्त्यावर आम्हांस सर्वजण मागे टाकतात. साठीच्या पुढे गेले की इंजिन तक्रार करते, आणि रिकाम्या लांबच्या प्रवासात डिझेल पूर्वीपेक्षा अधिक लागते. गेल्या महिन्यात पुण्यास पोहोचावयास दीड तास उशीर झाला, आणि मागच्या आसनावरून काही कुजबुज ऐकू आली. ती ऐकून घेतली. दाते बदलून नवा जोर कोठून निर्माण होत नाही. असलेला जोर एका कामातून काढून दुसऱ्या कामास दिला जातो, आणि ज्या बाजूने काढला ती बाजू उणी होतेच. एवढे ओळखून बदल केला असेल तर मागाहून हळहळ वाटत नाही. न ओळखता केला, तर आधीच्या मालकासारखे होते. त्यानेही विचार करूनच आपल्या कामापुरती गाडी बदलली होती. तिचे पुढचे काम काय असेल, हे त्याने पाहावे तरी कसे? ते पाहणे आमचे कर्तव्य होते.

त्या पावसाळी संध्याकाळी घाटमाथ्यावर पोहोचल्यावर आम्ही चोर्ल्यात त्या शेतकऱ्याचे घर विचारीत गेलो. तो गोठ्यात होता. चालकाने साखळी धुऊन, तेल लावून पोत्यात बांधून आणली होती. ती त्याच्या हाती दिली. त्याने दारातून पावसात उभ्या असलेल्या गाडीकडे, मागच्या ट्रेलरकडे आणि ताडपत्रीखालच्या खाटांकडे पाहिले.

"आपली आपण चढली जनू," तो म्हणाला.

"चढली," मी म्हटले.

त्याने साखळी खुंटीला अडकविली आणि आम्हांस चहासाठी आत बोलाविले. रात्री दहाच्या सुमारास खाटा खानापुरात उतरल्या. पाऊस तोपर्यंत चांगलाच लागला होता.